कर नाही, तरी कुलूप हवंच

एखादी अफवा कोणाचा जीव घेते, एखाद्या आरोपीचा फोन पोलिसांना उघडता येत नाही, आणि ठरल्याप्रमाणे तीच चर्चा सुरू होते: व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं सरकारला वाचता यायला हवं की नको? एका बाजूकडून ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण येते, दुसरीकडून ‘खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे’ हे वाक्य. एवढं बोलून दोघंही समाधानाने खाली बसतात. मला दोन्ही युक्तिवाद आळशी वाटतात. म्हण माणसाच्या चारित्र्याविषयी आहे आणि वाद यंत्रणेच्या बांधणीविषयी. तिचा इथे उपयोगच नाही. आणि मूलभूत अधिकाराचं नाव घेतलं की वाद मिटला, असंही होत नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत अधिकार ठरवलं, पण त्यावर बंधनं कधी घालता येतील हेही त्याच निकालात आलं: कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय गरजेच्या प्रमाणात हवा. खरा वाद या तिसऱ्या अटीपाशी सुरू होतो. तिथवर आपल्या चर्चा पोचतच नाहीत.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. गुन्ह्याचा तपास करताना एखाद्या ठरावीक माणसाचं बोलणं ऐकण्याचा अधिकार सरकारला असला पाहिजे. पण त्या सोयीसाठी सगळ्या देशाची सांकेतिक भाषा कायद्याने कच्ची करून घेणं चूक आहे. कारण आपल्याला कोण वाचतंय, पोलीस की चोर की शेजारचा देश, हे कच्च्या सांकेतिक लिपीला कळत नाही. हे तत्त्वज्ञान नव्हे, सांकेतिक लिप्यांच्या इतिहासात वारंवार दिसणारी गोष्ट आहे.

आधी त्या म्हणीचा निकाल लावू. लपवतो तो काहीतरी काळंबेरं करत असणार, हे आपण कधीपासून मानायला लागलो? कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांच्या बातम्या संज्ञालिपीत पोचवायला सांगितल्या, ते राज्यकारभार म्हणून ठीक. पण कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीतही ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे सांकेतिक लेखन आहेच, आणि ती यादी हेरांसाठी नव्हती. पानिपतची बातमी आठवा. ‘दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही’ हे वाक्य मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ते राजदरबारी खलित्यातलं नव्हे, सावकारी पत्रातलं आहे, याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. सावकारांचा कासीद ते दक्षिणेत घेऊन चालला होता आणि उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती ते वाटेत लागलं. त्या सावकाराला कोणाविरुद्ध कट करायचा नव्हता. बातमी बाजारात फुटली तर हुंड्या कोण वटवणार, एवढीच त्याची चिंता असणार. बैलबाजारात आजही जुन्या पद्धतीचा सौदा बघायला मिळतो. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर टॉवेल टाकतात, खाली बोटं दाबली जातात, वर चेहरे कोरे. एक मान नकारार्थी हलते, पुन्हा बोटं चाचपली जातात, आणि भोवती उभ्या दहा जणांना आकडा शेवटपर्यंत कळत नाही. त्या टॉवेलखाली चोरी चाललेली नसते. पुढच्या गिऱ्हाइकाला मागचा भाव कळू नये, इतकाच मामला असतो. तुम्ही फोनवरून पैसे पाठवता तेव्हा नेमकं हेच होतं. फक्त टॉवेलाच्या जागी गणित असतं.

म्हणून ‘गुप्तता म्हणजे स्वातंत्र्य’ ही दुसऱ्या बाजूची घोषणाही मला पटते असं नाही. गुप्ततेची किंमत मोजावी लागते, आणि मराठी माणसाने ती मोजलेली आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा वीसहून अधिक सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह, अशी साधी अदलाबदल. पण किल्ली पंथाच्या आत राहिली. परिणाम काय झाला? मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र कित्येक शतकं मराठी वाचकांच्या दृष्टीआड राहिलं. ग्रंथात काय आहे हे बाहेर कोणालाच ठाऊक नसल्याने पंथाविषयी वाटेल त्या वदंता पिकल्या, आणि त्या खोडून काढायला ग्रंथच पुढे करता येईना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीतून या लिप्या उलगडल्या तेव्हा कुठे चित्र पालटलं. ग्रंथ टिकले याचं श्रेय याच लिप्यांना देणारेही आहेत, आणि ते अगदीच चूक म्हणता येत नाही. पण बंद लिपीने पंथाचं रक्षण केलं तसंच नुकसानही केलं.

आता विरोधी बाजूचे वजनदार मुद्दे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. अफवा फोनवरून पसरली होती. त्या पाच घरांना ‘एन्क्रिप्शन (म्हणजे संदेशाला लावलेलं सांकेतिक कुलूप) फार महत्त्वाचं असतं’ असं सांगायला मी जाणार नाही. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं याच बंद वाटांनी फिरतात, हेही खरं आहे. आणि सरकारची बाजू टीव्हीवर दिसते तेवढी आडदांड नाही. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांना ‘पहिला पाठवणारा’ शोधता आला पाहिजे अशी अट आहे. पण ती गंभीर गुन्ह्यांपुरती, दुसरा सौम्य मार्ग नसेल तरच, आणि संदेशातला मजकूर उघड करायची सक्ती न करता. कागदावर हे बरंच संयमी वाटतं. ते संयमी नाही असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी घोषणा न देता ते दाखवलं पाहिजे.

तर दाखवू. उद्या कोणता संदेश अफवा ठरणार हे आज कोणालाच माहीत नसतं. म्हणजे एकाचा माग काढण्यासाठी रोजच्या सगळ्याच संदेशांवर, ‘शुभ सकाळ’च्या फुलांपासून डॉक्टरला पाठवलेल्या रिपोर्टपर्यंत, खूण मारून ठेवावी लागणार. ही खूण गणिती ठसा असेल, तर ‘उद्या बाजार बंद’ आणि ‘उद्या बाजार बंद.’ या दोन संदेशांचे ठसे पूर्ण वेगळे येतात. शेवटी एक पूर्णविराम टाकला की माग तुटला. ठशाऐवजी पाठवणाऱ्याची ओळखच संदेशाला चिकटवावी, असा प्रस्ताव आयआयटी मद्रासचे व्ही. कामकोटी यांनी २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे मांडला होता. त्यावर आयआयटी मुंबईच्या मनोज प्रभाकरन यांनी आक्षेप घेतले. त्यातला मोठा आक्षेप हा, की अशी ओळख खोटीही चिकटवता येते. आणि अफवेचा पहिला पाठवणारा सापडला तरी हाती काय लागतं? २०१८ मध्ये मुलं पळवण्याची म्हणून देशभर फिरलेली एक गाजलेली चित्रफीत मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या जाहिरातीतून कापलेली होती. मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतातला पहिला तोच मूळ मानावा, असं नियम म्हणतो. तो पहिला एखादा काळजीत पडलेला बापही असू शकतो. राईनपाड्यानंतर केलेला एक उपाय बघा: त्याच जुलैत भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा आली. अफवेचा वेग कमी करायला कोणाचं पत्र फोडावं लागलं नाही.

खोट्या ओळखीच्या आक्षेपावर मी जरा थांबतो, कारण वाचता येणं आणि लिहिता येणं यातलं अंतर किती कमी असतं हे आपल्या चर्चेत येतच नाही. १५८६ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये नजरकैदेत होती. इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिला मारून मेरीला गादीवर बसवण्याचा कट अँथनी बॅबिंग्टनने रचला. दोघांची सांकेतिक पत्रं बिअरच्या पिंपाच्या बुचातून आतबाहेर जात. वाट दाखवणारा गिल्बर्ट गिफर्ड एलिझाबेथचा मंत्री वॉलसिंगहॅमचाच माणूस होता. पत्रं आधी थॉमस फेलिप्सच्या टेबलावर येत, तो ती उलगडे, मोहर पुन्हा बेमालूम बसवली जाई आणि पत्र पुढे रवाना होई. कोणतं चिन्ह किती वेळा येतं यावरून अक्षर ओळखायची युक्ती बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवलेली होती. मेरीची चिन्हं तिच्यापुढे काय टिकणार? पण फेलिप्स वाचून थांबला नाही. मेरीच्या पत्राखाली त्याने तिच्याच चिन्हांत एक ताजा कलम जोडला: या कामी निघालेल्या सहा सरदारांची नावं कळवावीत. मेरी कटात सामील होती हे मान्य. ८ फेब्रुवारी १५८७ ला तिचा शिरच्छेद झाला तो त्या एका ओळीमुळे नव्हे. तरीही प्रश्न उरतोच. ज्याच्या हाती किल्ली आली त्याने स्वतःच्या पदरचा मजकूर घातला, तर न्यायालयाला ते कळणार कसं? आज फोनमधल्या संदेशांवर माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात जाऊ शकतात. तो संदेश वाटेत कोणी बदललेला नाही, ही खात्री पक्क्या कुलपामुळेच देता येते. म्हणजे सरकारी वकिलालाही हे कुलूप पक्कं हवं असलं पाहिजे.

मेरीच्या गोष्टीत आणखी एक मेख आहे. लिपीवर भरवसा होता म्हणूनच तिने एवढं मोकळेपणाने लिहिलं. साध्या अक्षरांत तिने ते कधीच लिहिलं नसतं. कच्ची लिपी ही लिपी नसण्यापेक्षा वाईट, हा धडा आपल्या देशाने फार महागात घेतलेला असू शकतो. स्वित्झर्लंडमधल्या त्सुग शहराजवळची क्रिप्टो एजी ही कंपनी सरकारांना सांकेतिक यंत्रं विकत असे. तटस्थ देशाची कंपनी, म्हणून १२० च्या वर देशांनी ती घेतली. १९७० पासून ही कंपनी गुपचूप अमेरिकेच्या सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या बीएनडी या हेरसंस्थांच्या मालकीची होती, आणि यंत्रं मुद्दाम फोडता येतील अशी बनवली जात होती. हे जगापुढे तपशीलवार आलं २०२० च्या फेब्रुवारीत. गिऱ्हाइकांच्या यादीत इराण होता, पाकिस्तान होता आणि भारतही होता. दिल्ली ज्या यंत्राने आपली गुपितं राखत होती, त्याची किल्ली परक्यांच्या खिशात होती. ‘किल्ली फक्त विश्वासू सरकारकडे राहील’ असं म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, कोणाचं सरकार?

यावर एक हुशार प्रतिवाद होऊ शकतो. क्रिप्टो एजीची चोरवाट पन्नास वर्षं टिकलीच की! मग चोरवाट सुरक्षित ठेवता येते हेच सिद्ध झालं ना? पण ती टिकली कारण ती आहे हे गिऱ्हाइकांना खात्रीने माहीत नव्हतं. राजपत्रात छापून, सगळ्या कंपन्यांना नोटिसा देऊन केलेली चोरवाट गुपित कशी राहणार? जाहीर चोरवाटांचं काय होतं तेही बघून झालं आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेने परदेशी विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम तोकड्या, म्हणजे फोडायला सोप्या, किल्ल्या वापरायची सक्ती केली. ती सक्ती गेली, पण तोकड्या किल्ल्यांची सोय सर्व्हरांत तशीच पडून राहिली, आणि २०१५ मध्ये संशोधकांनी तिच्यावाटे सुरक्षित समजली जाणारी संकेतस्थळं फोडता येतात हे दाखवलं. त्यात अमेरिकी सरकारची स्वतःची संकेतस्थळंही निघाली. ग्रीसमध्ये पोलिसांना कायदेशीर टॅपिंग करता यावं म्हणून टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये जी सोय होती, ती २००४-०५ मध्ये कोणीतरी परस्पर चालू केली आणि शंभरावर फोन ऐकले. त्यात एक फोन खुद्द पंतप्रधानांचा होता. २०२४ मध्ये चिनी हॅकर अमेरिकेच्या दूरसंचार कंपन्यांत घुसले आणि कायदेशीर टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचले. त्यानंतर डिसेंबरात अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने बड्या अधिकाऱ्यांना आणि नेत्यांना सल्ला दिला: बोलायचं तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेल्या, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येईल अशा, अ‍ॅपवरच बोला. याच एन्क्रिप्शनमुळे आमचा तपास आंधळा होतो, अशी तक्रार तिथलीच केंद्रीय तपास संस्था एफबीआय वर्षानुवर्षं करत आली होती!

‘पण सरकार तर नेहमीच पत्रं फोडत आलंय, मग आजच एवढा कांगावा कशाला?’ हा आक्षेप मला सगळ्यांत विचार करण्याजोगा वाटतो. १८८५ च्या तार कायद्याने ब्रिटिश सरकारला तारा अडवून बघण्याचा अधिकार दिला होता, आणि स्वतंत्र भारताने तो जपून ठेवला. मग व्हॉट्सअ‍ॅपलाच का सूट? मात्र अडवलेली तार वाचता येईल अशीच लिहा, अशी सक्ती युद्धकाळाबाहेर सर्वसामान्य तारांवर नव्हती. मुंबईचे कापसाचे व्यापारी लिव्हरपूलला छापील सांकेतिक कोश वापरून सर्रास तारा करत. शब्द वाचत, पैसे वाचत आणि भावही झाकला जाई. सरकारला पत्र पकडायचा अधिकार होता, ते समजण्याची हमी नव्हती. शिवाय तेव्हा लोकांचं बहुतेक बोलणं ओट्यावर, पारावर, बैठकीत होई आणि हवेत विरून जाई. फेलिप्सला एक पत्र उलगडायला बसावं लागे, म्हणून तो मोजक्यांचीच पत्रं उलगडी. कष्ट हीच त्या अधिकाराची मर्यादा होती. आज नवरा-बायकोचं भांडणही लिखित स्वरूपात साठतं आणि ते चाळायला माणूस लागत नाही. तेव्हा जुनाच अधिकार मागतो आहोत हे म्हणणं खरं नाही. मागणी अभूतपूर्व आहे. ती किती बेफाम होऊ शकते हे सप्टेंबर २०१५ मध्ये दिसलं. राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्यात नागरिकांनी आपले संदेश साध्या, वाचता येणाऱ्या रूपात ९० दिवस जपून ठेवावेत आणि मागितल्यास द्यावेत, असं चक्क लिहिलेलं होतं. ओरड झाल्यावर काही दिवसांत मसुदा मागे घेतला गेला.

मग पोलिसांनी हात बांधून बसायचं का? मुळीच नाही, आणि ते बसलेलेही नाहीत. २६/११ चे हल्लेखोर आणि पाकिस्तानातले त्यांचे सूत्रधार यांचं बोलणं हल्ला चालू असतानाच ऐकलं जात होतं. गुन्हेगारांना अतिसुरक्षित फोन पुरवणारी ‘अनॉम’ ही सेवा एफबीआयच चालवत होती. जून २०२१ मध्ये तिच्या जोरावर आठशेवर लोकांना अटक झाली. त्याआधी फ्रेंच पोलिसांनी ‘एन्क्रोचॅट’ वापरणाऱ्यांच्या हँडसेटमध्येच शिरकाव केला. या कारवायांचा रोख गुन्हेगारांच्या फोनवर होता; तुमच्याआमच्या फोनमधलं गणित कच्चं करावं लागलं नाही. हे मार्गही निर्धोक नाहीत. फोनमध्ये शिरणाऱ्या पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली ती उगाच नव्हे. पण एकेका फोनमध्ये शिरायला पैसा लागतो, वेळ लागतो, कोणाची तरी सही लागते. म्हणून तो मार्ग सव्वाशे-दीडशे कोटी लोकांवर एकदम वापरता येत नाही.

गुन्हेगार कोण हे ठरवणारी खुर्ची बदलते, ही गोष्टही विसरून चालणार नाही. तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे ब्रिटिशांविरुद्ध उठावाची तयारी करणाऱ्या गदर पक्षात सामील होऊन अमेरिकेतून परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. गदरचा उठाव फसला तो लिपी फुटल्यामुळे नव्हे, कृपालसिंग नावाचा खबऱ्या आत शिरल्यामुळे. लिपीही पुढे फुटलीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यासाठी अमेरिकेचा विल्यम फ्रीडमन याने गदरवाल्यांची पत्रं उलगडली. एका छापील पुस्तकाच्या आधारे आकडे मांडून ती लिहिलेली होती. तेव्हाच्या कायद्याच्या लेखी पिंगळे दहशतवादीच होते. यावरून आजचा प्रत्येक आरोपी उद्याचा हुतात्मा ठरेल असं मी म्हणत नाही. बहुतेक गुन्हेगार गुन्हेगारच असतात. पण त्या काळी सरकारने खबऱ्या पेरला, पुस्तक शोधलं, माणूस बसवून आकडे उलगडले. युद्धकाळातल्या तारा सोडल्या, तर प्रजेने लिहावं कसं, हे ठरवून दिलं नाही.

कायदा बदलायचाच असेल तर तो इथे बदला. फोन टॅप करण्याचा आदेश आपल्याकडे गृहसचिव देतात. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या १९९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची अट घातली नाही. आदेश तपासायला समिती असावी एवढ्यावर भागवलं. केंद्रातल्या त्या समितीत कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव असतात. म्हणजे आदेश देणारा सरकारी अधिकारी, तपासणारेही सरकारी अधिकारी, आणि ज्याचा फोन ऐकला गेला त्याला त्याचा पत्ता नाही. किती आदेश निघाले, किती नामंजूर झाले आणि किती प्रकरणांत आरोपपत्र दाखल झालं, हे आकडे दरवर्षी संसदेपुढे यावेत, आणि आदेशावर न्यायाधीशाची सही असावी. सगळ्यांची किल्ली मागणाऱ्या कुठल्याही सरकारला, मग ते कोणत्याही पक्षाचं असो, पहिला प्रश्न हाच विचारायचा: हातात असलेल्या अधिकाराचा हिशेब कुठे आहे?